उंचावरील तीर्थयात्रा आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य



श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक संस्थानच्या कार्यालयात केदारनाथ, चारधाम, अमरनाथ व कैलास-मानसरोवर या यात्रांविषयी चौकशी करतात. गाडी कोणती, मुक्काम कोठे, खर्च किती, हे प्रश्न आवर्जून विचारले जातात. परंतु आपले हृदय व रक्तवाहिन्या त्या उंचीसाठी सिद्ध आहेत काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक तो सर्वांत आधी विचारावयास हवा. सन २०२२ च्या चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरूंना प्रकृतीच्या कारणाने प्राण गमवावे लागले. त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत हृदयविकार हे कारण नोंदविले गेले. म्हणून या पाठात आपल्या शरीरातील रक्तवाहिन्या सैल करणारी द्रव्ये कोणती, व्यायामाने त्यांच्यावर काय परिणाम होतो आणि उंचीवर त्यांची कशी कसोटी लागते, याचा सोप्या भाषेत परिचय करून देत आहोत.

उंची म्हणजे नेमके काय?

आपला हिंगोली जिल्हा श्री औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाने पावन झालेला आहे. येथील दर्शन घेणाऱ्या भाविकाच्या मनात बाराही ज्योतिर्लिंगे पाहण्याची इच्छा उत्पन्न व्हावी, हे स्वाभाविक आहे. या बारांत श्री केदारनाथ सर्वांत उंच असून ते समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. यमुनोत्री, गंगोत्री व बद्रीनाथ ही तिन्ही स्थाने तीन हजार मीटरहून उंच आहेत. अमरनाथाची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, तर कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड ५,६०० मीटरहूनही उंच आहे. हट्टा, वसमत, परभणी हा आपला प्रदेश मात्र चारशे मीटरच्या आसपासचा.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण ऐकतो. प्रमाण सर्वत्र जवळपास सारखेच, म्हणजे शेकडा २१ असते. कमी होतो तो हवेचा दाब. केदारनाथास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तेवढाच उरतो. डोल्मा खिंडीत तो जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे घरी जी व्यक्ती सहज दोन मजले चढते, तिची श्रम करण्याची कमाल शक्ती केदारनाथाच्या उंचीवर साधारणपणे एकपंचमांशाने घटते.

रक्तवाहिन्या आणि कालव्याची दारे

पूर्णा प्रकल्पाच्या सिद्धेश्वर धरणाचा कालवा आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. मुख्य कालव्यातून वितरिका निघतात, वितरिकांतून चाऱ्या निघतात आणि प्रत्येक ठिकाणी दारे असतात. ज्या शिवाराची पाणीपाळी असेल तिकडचे दार उघडतात, इतरत्र ते आवळतात. शरीरातील व्यवस्था पुष्कळशी अशीच आहे. हृदयातून निघालेले रक्त धमन्यांतून वाहते. बारीक धमन्यांच्या भिंतींत स्नायूंचा एक थर असतो. तो थर सैल झाला की वाहिनी रुंदावते व रक्त सुखाने वाहते, आकसला की वाहिनी अरुंद होते व रक्तदाब वाढतो. हा थर सैल करण्यासाठी शरीर स्वतःच काही द्रव्ये तयार करते. त्यांपैकी तीन प्रमुख द्रव्ये आपण पाहू.

पहिले द्रव्य नायट्रिक ऑक्साइड. हा एक साधा वायू आहे. रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. त्या अस्तरात तो तयार होतो आणि शेजारच्या स्नायूंना सैल होण्याचा संकेत देतो. आतील अस्तर शाबूत असेल तरच विशिष्ट द्रव्याने वाहिनी सैल होते, हे रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० साली दाखवून दिले. पुढे तो संकेत म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड असल्याचे सिद्ध झाले. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत दुखू लागल्यास अनेक ज्येष्ठ नागरिक जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात. ती गोळीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच्या द्वारेच कार्य करते. काटेकोर अर्थाने हा वायू संप्रेरक नाही, कारण तो रक्तातून दूरवर जात नाही. काही क्षणांत तो नाहीसा होतो व आपल्या जागीच काम करतो.

दुसरे द्रव्य प्रोस्टासायक्लिन. तेही वाहिनीच्या अस्तरातच तयार होते. त्याचा शोध १९७६ साली लागला. वाहिनी सैल करणे व रक्तातील सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून गुठळी होऊ न देणे, अशी दोन कामे ते करते.

तिसरे द्रव्य मात्र खऱ्या अर्थाने संप्रेरक आहे आणि ते साक्षात हृदयात तयार होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना अलिंद म्हणतात. अलिंदात रक्त अधिक भरून त्याच्या भिंती ताणल्या गेल्या की हे संप्रेरक रक्तात मिसळते. त्याचे शास्त्रीय नाव एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड. आपण त्यास येथे ‘अलिंद-संप्रेरक’ म्हणू. १९८१ साली कॅनडातील अडोल्फो डी बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरास टोचला, तेव्हा त्याच्या मूत्रातून मीठ व पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर पडले. हृदय हे रक्त ढकलणारे यंत्र आहेच, परंतु ते संप्रेरक निर्माण करणारी ग्रंथीही आहे, ही गोष्ट त्यामुळे उजेडात आली. हे संप्रेरक वाहिन्या सैल करते आणि मूत्रपिंडाकरवी जादा मीठ-पाणी बाहेर घालवून हृदयावरील भार हलका करते. रक्तात ते अवघी काही मिनिटे टिकते.

यांतील पहिल्या दोन द्रव्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती साठवून ठेवता येत नाहीत. गरज पडेल त्या क्षणी ती ताजी तयार करण्याची शक्ती शरीराच्या अंगी असावी लागते.

व्यायामाने काय घडते?

आपण चालू लागलो की पायांच्या स्नायूंना अधिक रक्त लागते. रक्ताचा वेग वाढतो व ते वाहिनीच्या अस्तरास घासत जाते. या घर्षणामुळे अस्तरातील पेशी अधिक नायट्रिक ऑक्साइड सोडतात व पायांकडील दारे उघडतात. त्याच वेळी पायांचे स्नायू रक्त वर ढकलतात, अलिंद अधिक भरतो आणि काही मिनिटांतच अलिंद-संप्रेरकाचे रक्तातील प्रमाणही वाढते.

एका दिवसाच्या चालण्याचा लाभ काही तासच टिकतो. परंतु अनेक आठवडे नियमाने चालणाऱ्या माणसाच्या वाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनविण्यात अधिक तरबेज होते. वाहिन्या लवचीक राहतात आणि तेवढ्याच श्रमास हृदयाचे ठोके कमी पडतात. वाढते वय, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांमुळे हेच अस्तर दुबळे होते. बिडी-सिगारेटच्या धुराने त्याची विशेष हानी होते, गुटखा व मळलेली तंबाखूही त्यास अपायकारक आहे. नियमित चालणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

शेतात राबणारा माणूस तंदुरुस्त असतो, असे आपण मानतो व ते बहुतांशी खरेही आहे. तथापि चारधाम यात्रेस जाणाऱ्यांत निवृत्त कर्मचारी, व्यापारी आणि वयामुळे शेतीचे काम मुलांवर सोपविलेली मंडळी यांचा भरणा अधिक असतो. वीस वर्षांपूर्वीच्या कष्टांची पुण्याई आजच्या चढणीवर उपयोगी पडत नाही.

उंचीवर होणारी कसोटी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कमी प्राणवायू मिळाल्यास शरीरातील इतर भागांच्या वाहिन्या रुंदावू पाहतात, परंतु फुफ्फुसातील वाहिन्या उलट आकसतात. १९४६ साली स्वीडनमधील ऑयलर व लिलेस्ट्रँड या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. सपाट प्रदेशात ही योजना हिताची असते. फुफ्फुसाचा एखादा भाग आजारी असला की तिकडचे दार आवळले जाते व रक्त निरोगी भागाकडे वळते. डोंगरावर मात्र संपूर्ण फुफ्फुसासच प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे सर्व दारे एकाच वेळी आवळली जातात. धरणातून पाणी सोडलेले आहे आणि वितरिकांची सारी दारे बंद आहेत, अशा वेळी कालव्याच्या भरावावर जो ताण येतो, तोच ताण फुफ्फुसातील सूक्ष्म वाहिन्यांवर येतो. त्यात चढणीचे श्रम व थंडी यांची भर पडली की ताण आणखी वाढतो. काही व्यक्तींत या वाहिन्यांतून पाणी पाझरून फुफ्फुसात साचते. हा विकार प्राणघातक ठरू शकतो.

शरीर याचा प्रतिकार करते. नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन दारे उघडू पाहतात. ताणलेला अलिंद आपले संप्रेरक सोडतो व मूत्राचे प्रमाण वाढते. उंचीवर पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी अधिक होणे हे शरीर जुळवून घेत असल्याचे शुभ लक्षण समजले जाते. ज्यांची लघवी कमी होते व चेहऱ्यावर अथवा हातापायांवर सूज येते, त्यांना त्रासाची शक्यता अधिक असते.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. संप्रेरक जितके अधिक तितके बरे, असे नाही. ज्यांच्या फुफ्फुसात पाणी साचते, त्यांच्या रक्तात अलिंद-संप्रेरकाचे प्रमाण पुष्कळदा वाढलेलेच आढळते. ते वाढलेले प्रमाण हृदयावर भार पडल्याची खूण असते. याउलट अशा व्यक्तींच्या फुफ्फुसात नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होत असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे वाहिन्यांच्या अस्तराची शक्ती आणि चढण्याचा वेग, या दोहोंचा मेळ बसावा लागतो.

पिढ्यान् पिढ्या उंचावर राहणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. सुमारे ४,२०० मीटर उंचीवर राहणाऱ्या तिबेटी लोकांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारी द्रव्ये सपाट प्रदेशातील लोकांच्या दहापटीहून अधिक असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यांच्या हातातील रक्तप्रवाहही दुपटीहून अधिक होता. आपल्या सामानाचे ओझे घेऊन झपाझप चढणाऱ्या पहाडी माणसाशी आपण बरोबरी करू नये. त्याचे शरीर त्या उंचीवरच घडलेले असते.

पायी यात्रेने दिलेला वेळ

आपल्याच जिल्ह्यातील नर्सी हे संतश्रेष्ठ नामदेव महाराजांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांनी उत्तर भारतात दीर्घ संचार केला आणि तो पायी केला. मोटारी येण्यापूर्वी हिमालयाची यात्राही पायीच होत असे. हरिद्वार सुमारे ३१४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या पठाराहून ते उंच नाही. तेथून निघालेला यात्रेकरू वाटेतील चट्ट्यांवर मुक्काम करीत, दररोज थोडे थोडे वर चढत धामास पोहोचे. यमुनोत्रीच्या वाटेवरील जानकी चट्टी हे नाव त्या व्यवस्थेची आठवण आजही देते. त्या काळी संप्रेरकांचे शास्त्र कोणास ठाऊक नव्हते, परंतु त्या संथ गतीमुळे शरीरास व्यायाम व उंची या दोन्हींचा सराव आपोआप होत असे.

आज गौरीकुंड या १,९८२ मीटरवरील ठिकाणाहून १६ ते १८ किलोमीटर चालून यात्रेकरू एकाच दिवसात सुमारे १,६०० मीटर वर जातो. हेलिकॉप्टरने तर हे अंतर काही मिनिटांत कापले जाते. चालण्याचे श्रम वाचतात, पण जुळवून घेण्यास शरीराला वेळच मिळत नाही. भारतीय सैन्यातील तरुण, सुदृढ जवानासही २,७०० ते ३,६०० मीटर उंचीवर प्रथम सहा दिवस सराव करावा लागतो. त्याहून वर जावयाचे असल्यास पुन्हा चार-चार दिवसांचे टप्पे असतात. जो नियम जवानास लागू आहे, तो साठी उलटलेल्या यात्रेकरूस लागू नाही, असे कसे म्हणता येईल?

यात्रेची तयारी

महाशिवरात्रीस ऊखीमठ येथे केदारनाथाचे कपाट उघडण्याची तिथी जाहीर होते. यात्रेचा संकल्प केलेल्या भाविकाने त्याच दिवसापासून चालण्यास आरंभ करावा, म्हणजे दोन महिन्यांचा अवधी हाती येतो. पुढील क्रम उपयोगी ठरेल.

१) पहिले दोन आठवडे सकाळी उन्हापूर्वी सपाट रस्त्याने २० ते ३० मिनिटे चालावे. पुढे हा वेळ हळूहळू ४५ मिनिटे ते एक तासापर्यंत न्यावा. चालताना तोंडाने नामस्मरण सहज करता आले पाहिजे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा.

२) दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून तीन दिवस जिना चढण्या-उतरण्याचा सराव करावा. शेवटी पाठीवर हलकी पिशवी घेऊन चालून पाहावे.

३) श्वास नाकाने घ्यावा. नाकाच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होते व ते श्वासाबरोबर फुफ्फुसात जाते. नाकातून गुंजारव करीत श्वास सोडल्यास ते साध्या उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट बाहेर पडते, असे स्वीडनमधील संशोधकांना २००२ साली आढळले. ओंकार व भ्रामरीचा सराव अवश्य करावा. मात्र त्याने उंचीचा आजार बरा होतो, असे कोणी समजू नये.

४) तंबाखू, बिडी व मद्य यात्रेपूर्वीच सोडावे. आहारात पालेभाज्या असाव्यात, लोणचे-पापडाचे मीठ कमी करावे.

५) वय ५५ हून अधिक असल्यास, अथवा रक्तदाब, मधुमेह, दमा वा हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चालू गोळ्या उंचीवर कशा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये व दुसऱ्याची गोळी घेऊ नये. अमरनाथ यात्रेस आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ते केवळ शिक्क्यापुरते मिळवू नये.

वाटेवर पाळावयाचे नियम

चारधाम यात्रेस किमान सात दिवस तरी हाती ठेवावेत. शक्य असल्यास केदारनाथापूर्वी दोन हजार मीटरच्या आसपास एक-दोन रात्री मुक्काम करावा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. तो पाळणे केदारनाथी शक्य नसेल, तर तेथे विश्रांती घेत चढावे आणि अस्वस्थ वाटल्यास रात्र वर काढू नये.

चढ संपताच एकदम थांबू नये. श्रमाने पायांतील वाहिन्या रुंदावलेल्या असतात. एकाएकी उभे राहिल्यास रक्त पायांत साचून भोवळ येते. पाच-दहा मिनिटे संथ चालावे, मग बसावे. यमुनोत्री व बद्रीनाथ येथील तप्तकुंडांतही हाच धोका आहे. गरम पाण्याने वाहिन्या आणखी सैल होतात व रक्तदाब उतरतो. म्हणून पोहोचल्याबरोबर स्नानास न उतरता आधी विश्रांती घ्यावी, आत थोडाच वेळ राहावे आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सोबतीशिवाय उतरू नये.

वाटेवर शौचालयाची गैरसोय होईल या भीतीने आपल्या माता-भगिनी पाणी पिणे टाळतात. हे टाळावे. उंचीवर शरीर आधीच पाणी बाहेर टाकत असते, त्यात पाणी न प्यायल्यास रक्त दाट होते. दिवसभर थोडे थोडे पाणी घेत राहावे.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न येणे ही प्राथमिक लक्षणे होत. ती असताना वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ अथवा तांबूस कफ पडणे, ओठ निळे पडणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही संकटाची लक्षणे आहेत. अशा वेळी तत्काळ प्राणवायू द्यावा, वैद्यकीय मदत मागवावी आणि रुग्णास खाली आणावे. खाली उतरणे हाच मुख्य उपचार आहे. दर्शन राहिले म्हणून खाली येण्यास विलंब करू नये.

दात्यांस नम्र विनंती

अनेक दानशूर भाविक गरजूंच्या यात्रेचा खर्च उचलतात, ही मोठी पुण्याची गोष्ट आहे. त्यांना विनंती की, दानाचा विनियोग ठरविताना प्रवास व भोजन यांबरोबरच दोन गोष्टींची तरतूद करावी. पहिली, निघण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी. दुसरी, वाटेत दोन दिवसांचा अधिक मुक्काम. गाडीचे दिवस कमी करून वाचविलेला पैसा यात्रेकरूच्या हृदयावरील भाराने फेडावा लागतो. शक्य असल्यास एकाच गाडीतील सर्व यात्रेकरूंनी महिनाभर आधीपासून एकत्र चालण्याचा सराव करावा. त्यातूनच कोणास चढ झेपेल व कोणास झेपणार नाही, हे घरीच समजून येईल.

ज्यांना डॉक्टरांनी उंचीची यात्रा वर्ज्य सांगितली असेल, त्यांनी खेद मानू नये. केदारनाथाची गादी हिवाळ्यात ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात असते व ते स्थान केदारनाथाहून पुष्कळ खाली, रस्त्यालगत आहे. आणि नागनाथ तर आपल्या जिल्ह्यातच विराजमान आहेत.

आपणां सर्वांची यात्रा निर्विघ्न पार पडो व प्रत्येक यात्रेकरू प्रसाद घेऊन सुखरूप घरी परतो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

— कार्यालय सचिव, संस्थान, हट्टा